चाळीस माणसं आली, चार उरली: लेआउटच्या मोकळ्या जागेतल्या सामायिक बागेविषयी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावात अनगोळच्या पुढे नव्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वसाहतीत, बागेसाठी सोडलेली पाचेक गुंठे जागा पडून आहे. प्रश्नकर्ते मुलाकडे इंग्लंडला गेले होते. तिथली अलॉटमेंट, म्हणजे गावकऱ्यांना भाजी पिकवायला दिलेले तुकडे, त्यांना आवडली. परत आल्यावर त्यांनी श्रमदानाची हाक दिली. पहिल्या रविवारी चाळीसभर माणसं आली, महिन्याभरात चार उरली. आता मृग तोंडावर आहे. परवानगी कुणाची घ्यायची, काय लावायचं, माणसं कशी टिकवायची आणि सरळ माळीच ठेवावा का?

आधी माणसांचं बोलतो. मातीचं पुढे जमतं.

ती छत्तीस माणसं आळशी नव्हती. पहिल्या रविवारी काय झालं असेल ते न बघताही सांगता येतं. चाळीस माणसं आणि कुदळी तीन-चार. दहाजण घामाघूम झाले, बाकीचे कडेला उभे राहिले, चहा झाला, फोटो निघाले. दुसऱ्या रविवारी कुठून सुरू करायचं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. वडगावात आठवडाभर यंत्रमागावर उभा राहणारा माणूस सुट्टीची एकुलती एक सकाळ घेऊन येतो. त्याला अर्धा तास हात बांधून उभं राहावं लागलं, तर तो पुन्हा येत नाही. बोलूनही दाखवत नाही. नुसता येत नाही.

म्हणून रविवारचं खरं काम शनिवारी संध्याकाळी होतं. कुणीतरी एकानं, आणि तो एकच असावा, जागेत फेरी मारायची आणि उद्याच्या कामाचे तुकडे पाडायचे. एक तुकडा म्हणजे दोन माणसांचं दोन तासांचं काम. फक्कीनं जमिनीवर रेघा मारायच्या: इथून इथवर दगड वेचणे, इथून इथवर वरंबा ओढणे, या कोपऱ्यातलं गवत. पुठ्ठ्यावर आकडा लिहून काठीला लावायचा. सकाळी येणाऱ्यानं आकडा बघायचा, कुदळ घ्यायची आणि कामाला लागायचं. बारा माणसं येतील असं वाटत असेल तर सहा तुकडे पुरेत. सातवा पाडू नका. काम उरलं तर माणूस हिरमुसून घरी जातो, संपलं तर पुढच्या रविवारी येतो. दोन तास झाले की थांबायचं, कुणाला कितीही हुरूप आला असला तरी.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. आपल्याकडे खानापूर भागात भाताच्या लावणीला पैरा चालतो. आज तुझ्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तू. त्याला कुणी समाजसेवा म्हणत नाही, पण न येणं परवडत नाही, कारण दिवस अंगावर राहतो. शहरातल्या श्रमदानात कुणाचं कुणाला देणं नसतं, तिथंच ते विरघळतं. तेव्हा बागेतही देणं-घेणं उभं करा. प्रत्येक घराला स्वतःचा एक वाफा द्या, आणि त्या बदल्यात आठवड्याला दोन तास सामायिक काम मागा: पाणी, खताचा खड्डा, कुंपण, वाटा. वाफा आपला म्हणून माणूस येतो. आल्यावर सामायिक कामाला हात लावल्याशिवाय त्याला जाता येत नाही. सगळंच सामायिक ठेवलेल्या बागा मी पाहिल्या आहेत. तिथे पहिला दोडका कुणी तोडला यावरून दोन घरांत बोलणं बंद होतं.

पाण्याच्या टाकीजवळ खिळ्याला एक वही टांगा. तारीख, वाफ्याचा आकडा, काय केलं. कुणी कन्नडमध्ये लिहील, कुणी मराठीत, कुणी नुसती टिकमार्क करील. आकडा कळला की झालं. वाफ्यांवर नावाच्या पाट्या लावू नका, आकडेच ठेवा. पाण्याच्या जोड्या लावताना एकाच घरातली दोन माणसं एकत्र घालू नका. समोरच्या ओळीतल्या अक्का आणि तुमच्या ओळीतला कॉलेजचा पोरगा अशी जोडी लावा. तिसऱ्या आठवड्याला अक्काच त्याच्या दारात उभ्या राहतात, "काय रे, आज पाणी कुणी घालायचं?" असं अक्कांनी विचारल्यावर घरात बसणं अवघड जातं, व्हॉट्सअॅपवरच्या सूचनेत ती ताकद नाही.

ज्यांना कुदळ झेपत नाही त्यांच्याकडून दुसरं काम घ्या: रोपं तयार करणं, बियांचा हिशेब, पोरांना घेऊन गोगलगायी वेचणं. मात्र पैसे भरून सुटण्याची सोय ठेवू नका. एकानं दोनशे रुपये देऊन रविवार चुकवला की पुढच्या महिन्यात दहाजण देतात, आणि मग तुमच्याकडे पैसे असतात, माणसं नसतात. वर्गणी हवीच, पण ती सगळ्यांना सारखी.

गणेश मंडळाची पोरं ही तुमची सगळ्यांत दणकट फौज. त्यांना खड्डे, दगड, मांडव अशी जड कामं पावसाच्या आधी द्या. श्रावण संपता संपता ती मंडपाच्या कामाला लागतात आणि विसर्जनापर्यंत दिसत नाहीत. त्या काळात बागेत मोठं काम काढूच नका. रागावण्यात अर्थ नाही, वेळापत्रक त्यांच्याभोवती बसवा.

आता जागा. इंग्लंडमध्ये तुम्ही जे पाहिलं त्याच्या पाठीशी कायदा आहे. 1908 च्या कायद्यानं तिथल्या स्थानिक संस्थांवर मागणी असेल तर असे तुकडे उपलब्ध करून देण्याची जबाबदारी टाकली, आणि एका कुटुंबाचा रिवाजाचा तुकडा साधारण 250 चौरस मीटरचा, म्हणजे आपले अडीच गुंठे. तुमच्या पाच गुंठ्यांत तिथल्या मापानं दोनच घरं बसतात. आपल्याकडे असा हक्क नाही. जागा मिळते ती कुणाच्या तरी संमतीनं, आणि ती संमती कागदावर नसेल तर पहिल्या तक्रारीला सगळं उखडलं जातं.

लेआउटचा मंजूर नकाशा आधी हातात घ्या. त्यात ती जागा बाग म्हणून दाखवली आहे की नागरी सुविधेसाठी, हे बघा. दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत. सुविधेची जागा उद्या शाळेला किंवा दवाखान्याला दिली जाऊ शकते, तिथे झाडं लावण्यात जीव घालू नका. बागेची असेल तर कर्नाटकात उद्यानं, मैदानं आणि मोकळ्या जागा जपण्यासाठी 1985 चा कायदा आहे. ती जागा दुसऱ्या वापराला काढणं सोपं नाही, आणि तेच तुमचं संरक्षण. लेआउट हस्तांतरित झालं असेल तर अर्ज महापालिकेकडे, नसेल तर बुडाकडे, म्हणजे बेळगावच्या नगरविकास प्राधिकरणाकडे. अर्ज कन्नडमध्ये लिहा, स्वच्छ टंकलेला, सोबत नकाशाची प्रत आणि रहिवाशांच्या सह्या. मागणी एवढीच ठेवा की आम्हाला देखभाल करू द्या. 'आमच्या ताब्यात द्या' हे शब्द दिसले की फाइल वर्षभर फिरते. पोच घ्या, शिक्क्यासह.

संस्था नोंदवायची का, असं लोक विचारतात. कर्नाटकच्या 1960 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात माणसं असली की नोंदणी होते. पण पहिल्या वर्षी घाई नको. रहिवासी संघ आधीच असेल तर त्याच्या नावावर अर्ज करा. पदाधिकारी निवडायला बसलं की खुरपं बाजूला राहतं.

काही वसाहतींत जागा खासगी मालकाची असते आणि मालक नुसता कचरतो. त्याची भीती समजून घ्या. 1 मार्च 1974 पासून लागू झालेल्या कर्नाटकच्या सुधारित जमीन कायद्यानं कुळांना जमिनी मिळाल्या, आणि या भागात ज्यांच्या घरातून त्या गेल्या त्यांच्या मनात तो धसका अजून आहे. बिगरशेती प्लॉटवर मेथी लावली म्हणून कुणी कूळ होत नाही, हे त्याला तोंडी सांगून पटत नाही. एका हंगामापुरतं, कोणताही मोबदला नाही, कोणताही हक्क नाही, मागाल तेव्हा मोकळं करू, असं लिहून द्या. मालक निम्मा तिथंच विरघळतो.

आणखी एक, स्पष्टच सांगतो. त्या जागेत देऊळ, कट्टा, पुतळा, झेंडा, कुणाच्याही स्मरणार्थ कमान, काहीही नको. आपल्या गावात अशा गोष्टीवरून वाद पेटायला वेळ लागत नाही आणि मग बाग कुणाचीच राहत नाही. फलक लावायचाच तर कन्नड मोठं, खाली मराठी, आणि त्यावर फक्त वेळ आणि नियम.

माती. लेआउटची मोकळी जागा म्हणजे आजूबाजूच्या घरांचा राडारोडा टाकण्याची जागा. वरून तांबडी माती दिसते, खाली विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, टाइल्स, प्लास्टिक. पहार घ्या आणि दर दहा पावलांवर ठोका. मातीत पहार गुपचूप शिरते. राडारोड्यात ती खणकन वाजते आणि हाताला झिणझिण्या येतात. जिथं वाजली तिथं काठी रोवा. अर्ध्या तासात जागेचा नकाशा डोळ्यासमोर उभा राहतो: कुठे वाफे, कुठे टाकी, कुठे खताचा खड्डा. राडारोड्याच्या पट्ट्यात भाजी लावायचा हट्ट धरू नका, तिथून वाट काढा.

काँग्रेस गवत फुलावर यायच्या आत उपटा, उघड्या हातानं अजिबात नाही. अंगाला खाज सुटते, काहींना दमा उठतो. फुलायच्या आधीचं गवत खताच्या खड्ड्यात चालतं, फुललेलं नाही. दाट गवतात शिरण्याआधी काठी आपटत जा आणि पायात गमबूट हवेत. आपल्याकडे मोकळ्या प्लॉटमध्ये नाग आणि घोणस दोन्ही निघतात. पोरांना त्या दिवशी घरी ठेवा.

माती तपासून घ्या. सात-आठ ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्या, त्याच्या कडेची माती खरवडा, सगळी एकत्र मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, असं करत अर्धा किलोवर आणा. नमुना कुठे द्यायचा ते जवळच्या रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या स्थानिक कार्यालयात, विचारा. बैलहोंगल तालुक्यातल्या मत्तिकोप्पचं कृषी विज्ञान केंद्र हाही मार्ग आहे. अहवालात सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल आहे की नाही ते) आणि सेंद्रिय कर्ब हे दोन आकडे आधी बघा. शहराच्या पश्चिमेकडची जांभ्याची तांबडी माती पावसानं धुऊन आम्लाकडे झुकलेली असते, तिला अहवालात सांगितला असेल तेवढा चुना लागतो. पूर्वेकडच्या काळ्या मातीला चुना नको, तिला निचरा हवा. कर्ब 0.5 टक्क्यांच्या खाली असला तर पहिलं वर्ष मातीला खाऊ घालण्याचं समजा.

शेणखत चौरस मीटरला दोन ते अडीच किलो, म्हणजे गुंठ्याला दोन-अडीच क्विंटल. म्हशींचे गोठे आपल्या गावात अजून आहेत, शेणाला तोटा नाही. पण पूर्ण कुजलेलंच घ्या. हातात घेतल्यावर वास मातीचा यावा, शेणाचा नाही. कच्च्या शेणाबरोबर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते, आणि ती एकदा जमिनीत बसली की रताळी-बटाटे पोखरून ठेवते.

आता लागवडीचं. माझं म्हणणं ऐकून लोक सुरुवातीला नाराज होतात. पहिल्या पावसाळ्यात पाचही गुंठ्यांत भाजी लावू नका. वीस वाफे करा, चार फूट रुंद आणि दहा फूट लांब, मध्ये दीड फुटाची वाट. चार फुटांचं कारण असं की दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. पावसाळ्यासाठी वाफा जमिनीपासून वीतभर उंच हवा, नाहीतर आर्द्रा-पुनर्वसूच्या झडीत मुळं कुजतात. एवढ्यात वीस घरं बसतात. उरलेल्यांची यादी करा. थांबलेला माणूस वाफ्याची किंमत ओळखून येतो.

उरलेल्या जागेत, निदान दोन गुंठ्यांत, रताळी लावा. आपल्या बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांचं हे घरचं पीक. तांबडी माती त्याला मानवते, वेल पसरला की गवत दबतं आणि रोज कुणी बघायला लागत नाही. नवख्या गटाला एवढं पुरतं. दोन फुटांवर वरंबे ओढा. वेलाच्या शेंड्याकडचे वीत-दीड वीत लांबीचे, तीन-चार डोळ्यांचे तुकडे आठेक इंचांवर लावा. गुंठ्याला आठशेच्या आसपास तुकडे लागतात. ओळखीच्या शेतकऱ्याकडे वेल मागितला तर कुणी नाही म्हणत नाही. मधे दोन वेळा वेल उचलून परतायचा, नाहीतर प्रत्येक सांध्याला मुळं फुटतात आणि खालचं रताळं पोसत नाही. वरंब्याला भेगा पडल्या की माती चढवायची, कारण भेगेतून भुंगा आत शिरतो. चार महिन्यांनी काढणी. त्या दिवशी बोलावणं न देताही सगळी वसाहत येते. लहान पोरं मातीत हात घालून रताळी ओढतात, आणि ज्यांना वाफा मिळाला नव्हता त्यांनाही पिशवी मिळते. मला विचाराल तर गट टिकवण्याचं निम्मं काम हा एक दिवस करतो.

वाफ्यांत मृगावर वेलवर्गीय लावा: दोडका, कारलं, काकडी, पडवळ. मांडव उन्हाळ्यातच उभा हवा, पावसात बांबू रोवणं म्हणजे चिखल तुडवणं. भेंडीसाठी बंगळूरच्या बागायत संशोधन संस्थेची अर्का अनामिका चांगली, पानं पिवळी पडण्याच्या रोगाला तग धरते आणि बी घरी धरता येतं. टोमॅटोची अर्का रक्षक चांगली असली तरी ती संकरित आहे, तिचं बी पुढच्या वर्षी तसंच उगवेल या भ्रमात राहू नका. जुलै-ऑगस्टच्या झडीत मेथी-कोथिंबीर पेरून बी वाया घालवू नका. पोकळा, आंबाडी, अळू यांवर भागवा. माळव्याचा खरा हंगाम आपल्याकडे दसऱ्यानंतर: नवलकोल, मुळा, मेथी, शेपू, वाटाणा. नवलकोलची रोपं सप्टेंबरच्या शेवटी कुणाच्या तरी गच्चीत वाढत असली पाहिजेत, आणि ही जबाबदारी कुदळ न झेपणाऱ्यांची.

पावसाळ्यात मोठ्या आफ्रिकन गोगलगायी येतात, एका रात्रीत रोपांची ओळ साफ करतात. ओलं पोतं संध्याकाळी वाफ्याच्या कडेला टाका, खाली पपईची पानं. सकाळी पोतं उचललं की सगळ्या तिथंच चिकटलेल्या. हातमोजे घालूनच वेचा, मिठाच्या घट्ट पाण्यात टाका. त्यांच्या अंगावर माणसाला बाधणारे कृमी असू शकतात, म्हणून हात साबणानं धुवायचे आणि पालेभाजीही नीट. काकडी-दोडक्याला फळमाशीसाठी क्यू-ल्यूरचे, म्हणजे नर माशीला ओढणाऱ्या वासाचे, सापळे फुलं येताच टांगा. फवारणीच्या औषधाची बाटली बागेत नकोच. वीस घरांच्या हातांत बाटली गेली की कोण किती मारतंय याला धरबंध राहत नाही.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. वीस वाफ्यांचं क्षेत्र पंचाहत्तर चौरस मीटरच्या घरात. कोरड्या दिवसांत चौरस मीटरला चार-पाच लिटर धरलं तर रोज साडेतीनशे लिटरच्या आसपास. हजार लिटरची टाकी तीन दिवस जाते. आजूबाजूला जुनी विहीर असेल तर ती आधी बघा. या गावात विहिरी कमी नाहीत. टिळकवाडीची काँग्रेस विहीर 1924 च्या अधिवेशनासाठी खोदलेली, ती आजही आहे. विहिरीच्या मालकाला रताळ्यांची पिशवी आणि एक वाफा द्या. बळ्ळारी नाल्याचं पाणी मात्र पालेभाजीला कदापि नको, त्यात शहराचं सांडपाणी आहे. टाकीला झाकण हवं, नाहीतर डासांची तक्रार घेऊन पहिला अर्ज तुमच्याच शेजाऱ्याचा जाईल.

आता माळ्याचं. झाडी साफ करायला आणि राडारोडा सरकवायला अर्ध्या दिवसाचा जेसीबी लावा, त्यात कमीपणा नाही. चाळीस माणसांची उमेद सिमेंटचे गोळे उचलण्यात घालवू नये. एप्रिल-मेमध्ये घरं गावाला जातात, तेव्हा महिना-दीड महिना पाण्यासाठी माणूस ठेवा, पगार वर्गणीतून द्या. एरवी नको. माळी आला की लोक त्याला सूचना द्यायला येतात आणि खुरपं त्याच्याच हातात राहतं. वीस घरांनी वीस तऱ्हेच्या सूचना दिल्या की तोही दोन महिन्यांत सोडून जातो. या शनिवारी तुम्ही चौघंच जा. पहार ठोकून काठ्या रोवा, पहिल्या सहा वाफ्यांच्या रेघा फक्कीनं मारा आणि संध्याकाळी फक्त बाराजणांना निरोप द्या, ज्याला त्याला त्याच्या कामाचा आकडा सांगून.